चार वेळा आत घेतलेला स्कर्ट

माझ्या धाकट्या बहिणीला सगळे गोटी म्हणतात. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे, ते तिथेच बरं आहे. ती झाली तेव्हा मी चौदा वर्षांची होते. आईच्या कुशीतलं ते गोल, गुळगुळीत, डोळे गच्च मिटलेलं प्रकरण बघून मीच म्हणाले, ही तर गोटी. पुढे ती आजारी पडली तेव्हा मी या नावात पुष्कळ शोधाशोध केली. दोष ठेवायला माणसाला काहीतरी लागतं, आणि स्वतःवर घेतलेला दोष सगळ्यात हाताशी असतो. शेवटी तिलाच विचारलं. ती म्हणाली, "नावाचा काही संबंध नाही, ताई. तू उगाच मोठेपणा घेऊ नकोस." जीभ तिची ही अशी. आजारी माणूस म्हणजे गरीब गाय असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्याकडे आठ दिवस राहून बघावं.

मी शिंपीण. रस्त्याकडच्या खोलीत माझं दुकान, मागे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. वडील मी विशीत असताना गेले, आई नऊ वर्षांपूर्वी. मी लग्न केलं नाही; का नाही ते सांगत बसले तर गोटी बाजूला राहील. या घरात दोन बायका राहतात, एक बावन्न वर्षांची आणि एक अडतिसाची, आणि मोजे सोडले तर धाकटीच्या अंगावर दुकानातून आणलेलं काही अगदी परवापरवापर्यंत कधी चढलेलं नव्हतं. तिचा पहिला फ्रॉक मी शिवला, शाळेचा गणवेश मी शिवला, नोकरीवरचा निळा स्कर्ट आणि करडा कोटही मीच. सगळ्या गिऱ्हाइकांची मापं माझ्या वहीत आहेत. गोटीचं माप मी कधी लिहिलंच नाही, ते माझ्या हाताला ठाऊक होतं.

बाविसाव्या वर्षी ती चष्म्याच्या दुकानात लागली आणि तिथे तिचं असं नाव झालं की विचारू नका. गिऱ्हाईक दारातून काउंटरपर्यंत येईतो तिने त्याचा चेहरा वाचलेला असायचा. "काका, तुमचं कपाळ आधीच भारदस्त आहे, वरून जाड फ्रेम नको." "बाई, ही चौकोनी तुम्हाला रागीट करते, आणि तुम्ही तशा नाही." बाई तिथेच विरघळायच्या. मालक म्हणजे एक स्थूल, घाबरट, सज्जन गृहस्थ. ते म्हणायचे, ही सुट्टीवर असली की लोक नुसते डोळे तपासून परत जातात.

त्या दुकानात आरसे होते एकवीस. मी एकदा तिची वाट बघत बसले असताना मोजले. भिंतीवर, काउंटरवर, कप्प्यांच्या आत, हातात धरायचे वेगळे. गोटी ते दिवसभर पुसत असायची. मालक येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगायचे, टापटीप शिकावी तर हिच्याकडून. कसली टापटीप. ती काच पुसायला वाकायची आणि स्वतःचा जबडा बघायची. डावीकडून, उजवीकडून, हनुवटी खाली घेऊन, वर करून. एकवीस आरशांत तिला एकच गोष्ट दिसायची, की आपला चेहरा खाली रुंद आहे, पातेल्याच्या बुडासारखा. शब्द तिचा आहे. मी तिचा चेहरा अडतीस वर्षं बघते आहे. दोन डोळे, एक नाक, खाली हनुवटी. कुणी वळून बघावं असा नाही आणि कुणी नाक मुरडावं असाही नाही.

आरसे पुसण्यामागचं हे कारण मला तेव्हा माहीत नव्हतं. घरी फक्त प्रश्न ऐकू यायचा. "ताई, माझा जबडा मोठा दिसतो का गं?" मी मशीनवरून मान वर न करता म्हणायची, "नाही गं बाई." पाच मिनिटांनी पुन्हा तेच. जेवताना, कपडे वाळत घालताना, मी तोंडात टाचण्या धरलेल्या असताना. उत्तर तिला दोन मिनिटं पुरायचं. एकदा कोटाची बाही तिसऱ्यांदा उसवत होते, डोकं आधीच तापलेलं, आणि मी म्हणाले, "हो, दिसतो. बैलासारखा दिसतो. झालं समाधान?" ती हसली नाही. गप्प उठून आत गेली. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं, हेही सांगून टाकते.

पुढे तिचं खाणं कमी झालं. तिचा हिशेब सरळ होता: अंग उतरलं की चेहरा उतरेल. अंग उतरलं. पण जबडा हे हाड. ते कुठे उतरणार? भोवतीचं मांस गेलं की ते आणखीच वर येतं. तिला त्यातून एवढंच कळलं की अजून कमी खायला हवं. मग ती आणखी कमी खायची आणि हाड आणखी वर यायचं. या चक्राला बाहेरून बघणारा म्हणेल, अगं, एवढी साधी गोष्ट कळत नाही? नाही कळत. ज्याचं जळतं त्याला कळतं, आणि इथे तर जिचं जळत होतं तिला धूर भलतीकडेच दिसत होता.

सहा वर्षांपूर्वी ती दुकानात चक्कर येऊन पडली. आमच्या गल्लीतले डॉक्टर भले माणूस. त्यांनी वजन केलं, भुवया वर केल्या, औषधं दिली, तक्ता दिला. वर्षभर मी तिच्यासमोर ताट ठेवून बसले. हातापाया पडले, भांडले, एकदा तर पानावर बसून रडले. वजन वर आलं. आत्या बघायला आली, तिने गोटीचे दोन्ही गाल हातात धरले आणि म्हणाली, "आता कशी भरलीस!" आम्ही सगळे काट्याकडे बघत होतो. काटा वर गेला आणि आम्ही सुटलो. गोटीला त्या सबंध वर्षात कुणी विचारलं नाही, की बाई, तुला आरशात काय दिसतं? मीही नाही. तो प्रश्न पुन्हा सुरू होईल या धास्तीने तर मुळीच नाही.

त्याच महिन्यात तिने मालकांना सांगून काउंटर सोडला आणि मागच्या खोलीत काचा घासायचं काम मागून घेतलं. तिथे एक यंत्र, एक दिवा, तोंडावर फडकं बांधून बसलेला एक म्हातारा कारागीर, आणि आरसा एकही नाही. मला ती बढती वाटली. शेजारणीला मी तसं सांगितलंसुद्धा.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून घरातला वजनकाटा मी भंगारात दिला होता. माझ्या दुकानातल्या मोठ्या आरशावर गिऱ्हाईक नसताना चादर टाकलेली असायची. टेप तर सदा माझ्याच गळ्यात. म्हणजे स्वतःला मोजायला तिच्याकडे काही उरलेलं नाही, अशी माझी समजूत होती. मी स्वतःला फार हुशार समजत होते.

दोन वर्षांपूर्वी सगळं परत सुरू झालं, पण या वेळी आवाज न करता. ती सकाळी डबा घेऊन जायची, डबा रिकामा यायचा. तो म्हातारा कारागीर खात होता हे मला फार उशिरा कळलं. रस्त्यात भेटला तेव्हा त्याने मला थांबवून सांगितलं की तुमच्या हाताला चव फार सुंदर आहे. बिचाऱ्याचा काही दोष नाही. संध्याकाळी ती म्हणायची, "उशिरा खाल्लंय, तू जेवून घे." मी दोन ताटं मांडायची, एकात जेवायची, दुसरं तसंच उचलून ठेवायची. समोर माणूस बसलेलं असताना एकटं जेवणं हे घरात कुणीच नसताना एकटं जेवण्यापेक्षा वाईट असतं. पलीकडे ती बोटांनी जबड्याची कड चाचपत बसायची, आणि मी घासांचा आवाज होऊ नये म्हणून सावकाश चावायची.

अंग उतरतंय हे मला ताटावरून नाही, चेनवरून कळलं. एका सकाळी ती कामाला निघाली आणि मी खिडकीतून बघत होते. निळ्या स्कर्टची चेन डाव्या कुशीवर असते. ती फिरून पोटावर आली होती. कमरेला पकड उरली नाही की स्कर्ट चालता चालता अंगाभोवती फिरतो. दुकानात तेव्हा एक गिऱ्हाईकबाई होत्या. त्याही बघत होत्या. म्हणाल्या, "घरात शिंपीण असून बहिणीचे कपडे असे? दिव्याखाली अंधार म्हणायचा."

मला ते लागलं. आता मागे वळून बघते तर लाज वाटते की नेमकं तेच लागलं. त्या रविवारी इस्त्रीला कपडे काढले तेव्हा मी स्कर्ट उलटा केला आणि दोन्ही कुशींना अर्धा अर्धा इंच आत नवी टीप मारली. जुनी टीप उसवली, दोरा रंगाला रंग मिळवून घेतला. जादाचं कापड कापलं नाही, चांगला शिंपी ते कधीच कापत नाही, आत दाबून ठेवतो. इस्त्री फिरवली आणि हँगरला लावून टाकला. तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती ताट सरकवून उठली असती आणि दोन दिवस दार लावून घेतलं असतं. मला त्या दाराची भीती वाटायची. माणसाला धरता येत नव्हतं, तर निदान स्कर्ट जागेवर धरावा, इतकाच माझा विचार. विचार तरी कसला, हाताची सवय.

सोमवारी स्कर्ट अंगावर कसा छान बसला. चेन कुशीवर. मी खिडकीतून बघितलं आणि मला, देवा, बरं वाटलं.

असं मी चार वेळा केलं. चारही वेळा रविवारी, चारही वेळा तिला न सांगता. कोट दोनदा आत घेतला. दोन वर्षांत तिच्याकडे बघून लोक म्हणायचे, चेहरा जरा ओढलेला दिसतो, पण बाकी ठीक आहे. ठीक दिसायलाच हवी होती, मी कारागीर चांगली आहे.

मग एका दुपारी चष्म्याच्या दुकानाचे मालक माझ्या दारात उभे राहिले. रुमालाने मान पुसत होते. म्हणाले, "ताई, मी कधी असा घरी येत नाही. पण तिच्या हातून काचा पडतात. बोटं निळी असतात. काल जिना चढताना मध्येच बसली आणि मला म्हणाली, कुणाला सांगू नका. मला एकट्याला हे सांभाळवत नाही." एवढं बोलून ते माझ्या स्टुलावर बसले आणि पाणी मागितलं. घाबरट माणसाने त्या दिवशी जे धाडस केलं ते मी दोन वर्षांत केलं नव्हतं.

मोठ्या दवाखान्यात मनाच्या आजारांच्या एक डॉक्टरीणबाई होत्या. गोटी आली, कारण मालकांनी तशी अटच घातली. आत शिरल्या शिरल्या तिने बाईंच्या चष्म्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ही फ्रेम तुमचे डोळे खाली ओढते." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंनी चष्मा काढून हातात फिरवला आणि विचारलं, "मग कुठली घेऊ?" गोटीने दोन मिनिटं नीट समजावून सांगितलं. कितीतरी महिन्यांनी मी तिचा तो दुकानातला आवाज ऐकला.

बाईंनी आधी खाण्याचं विचारलंच नाही. विचारलं, "तुम्हाला स्वतःचा चेहरा कसा दिसतो?" आणि गोटी बोलायला लागली. जबडा, एकवीस आरसे, फडक्याने पुसणं, मागची खोली, रस्त्याने जाताना दुकानांच्या काचांत न बघण्यासाठी पलीकडच्या बाजूने चालणं. वीस मिनिटं बोलली. मी तिची सख्खी बहीण, एका छपराखाली राहणारी, आणि हे सगळं मी परक्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून पहिल्यांदा ऐकत होते. ती इतकी वर्षं किती एकटी होती हे मला तिथे कळलं, आणि ती एकटी राहण्यात माझा हातभार किती होता तेही.

बाई मला म्हणाल्या, "यांना दोन आजार आहेत. एक खाण्याचा, एक दिसण्याचा. दोन्ही एकत्र असणं काही दुर्मीळ नाही. मागच्या वेळी पहिल्यावर इलाज झाला, दुसरा तसाच राहिला, आणि त्याने पहिल्याला परत बोलावलं. आता दोन्हींवर बरोबरच काम करायला हवं." मग गोटीकडे वळून म्हणाल्या, "तुमचं वजन खूप उतरलंय, हे तुम्हाला पटतं का?"

"नाही," गोटी म्हणाली.

"कशावरून नाही?"

"कपड्यांवरून. रोज सकाळी स्कर्ट घातला की कमरेच्या पट्टीत अंगठा घालून बघते. सहज गेला तर नाश्ता करते. मध्ये मध्ये जायला लागतो. मग मी आठ-पंधरा दिवस खाते. आणि लगेच एखाद्या सोमवारी स्कर्ट पुन्हा घट्ट. म्हणजे मी जरा खाल्लं की फुगते. काटा चुकेल, आरसा चुकेल, तुम्हीपण मला बरं वाटावं म्हणून काही सांगाल. पण ताईची शिवण खोटं बोलत नाही."

त्या खोलीत एक पंखा होता, तो फिरत होता. मी त्याच्याकडे बघत बसले. मला तिथेच तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं.

बाहेर पडताना बाईंनी मला बाजूला घेतलं. हृदयाचे ठोके फार मंद आहेत, म्हणाल्या, याच आठवड्यात दाखल करायला हवं, आणि स्वतःच्या पायांनी आल्या तर उपचार लागू पडतील. गोटीने रिक्षात बसतानाच सांगून टाकलं, "मी इथे जाड होतेय आणि तुम्ही मला अडकवून आणखी खायला घालणार. मी यायची नाही."

तीन दिवस मी मशीनवर बसले आणि एक सरळ टीप मला मारता आली नाही. सांगितलं तर तिचा माझ्यावरचा विश्वास जाणार. नाही सांगितलं तर तीच जाणार. असं लिहिल्यावर निवड सोपी दिसते. मला तीन दिवस लागले.

रविवारी सकाळी इस्त्रीच्या टेबलापाशी मी तिला हाक मारली. स्कर्ट उलटा करून टेबलावर पसरला आणि तिच्यासमोर उसवायला घेतला. ती म्हणाली, "हे काय करतेस?" मी उसवतच राहिले, बोलले असते तर हात थांबला असता. दोरा काढून कुशीचं दाबलेलं कापड उलगडलं आणि अंगठ्याने सपाट केलं. बाहेरचा निळा धुऊन धुऊन विटलेला, आत दडलेला निळा नव्यासारखा. त्या कोऱ्या पट्ट्यावर सुईच्या भोकांच्या ओळी होत्या. एकाखाली एक, चार जुन्या, आणि नुकती उसवलेली पाचवी.

"ही बाहेरची मूळची," मी म्हणाले. "बाकीच्या चार मी नंतर मारल्या. तुला न सांगता."

ती वाकली. चष्म्याच्या काचेवरचा चरा शोधावा तशी तिने नखाने एकेक ओळ चाचपली. "ही कधीची?"

"आत्या राहायला आली होती, त्याच्या आदल्या रविवारची."

"आणि ही?"

"पाण्याची टाकी फुटली होती तेव्हाची."

तिने त्या ओळीवरून नख पुन्हा एकदा फिरवलं. मग म्हणाली, "त्या सोमवारच्या आधी मी आठवडाभर रोज एक अंडं खाल्लं होतं. मला आवडलं होतं ते. सोमवारी घट्ट झाल्यावर सोडलं."

मी रडायला लागले. तिने माझी समजूत काढली नाही, आणि ते बरोबरच होतं. तिने स्कर्ट घेतला, आत जाऊन चढवला आणि दुकानात आली. कमरेशी दोन्ही मुठींनी धरून ठेवला होता, सोडला असता तर खाली गेला असता. मोठ्या आरशावरची चादर तिने स्वतः ओढून काढली आणि समोर उभी राहिली. मला वाटलं, आता दिसेल तिला. आता उजेड पडेल.

"स्कर्ट पडतोय, हे दिसतंय," ती म्हणाली. "आणि जबडा तसाच दिसतोय. आधी दिसायचा तसाच. मला दोन्ही दिसतंय, ताई. यातलं खरं कुठलं?"

"स्कर्ट," मी म्हणाले.

"तू सांगतेस ते." ती आरशातूनच माझ्याकडे बघत होती. "तुला माहितीय, ज्याचा नंबर मोठा असतो तो माणूस नुसती फ्रेम घालून आरशात बघतो, तेव्हा त्याला स्वतःचं तोंड दिसतच नाही. नुसतं धुकं. तो माझ्याकडे वळून विचारतो, कशी दिसते? आणि माझ्या शब्दावर घेऊन जातो. इतक्या वर्षांत मी एकाला खोटं सांगितलं नाही. तुझ्या शिवणीवर मी तशी विसंबले होते."

चूक झाली म्हणाले, भीती वाटत होती म्हणाले, तुला लोकांनी बघू नये म्हणून केलं म्हणाले. सगळं खरं होतं आणि त्याचा तिला काही उपयोग नव्हता.

"उद्या जाऊ दवाखान्यात," ती शेवटी म्हणाली. "तिथे निदान माझ्या डोळ्यांना काय झालंय ते त्यांना माहीत आहे. पण तू मला भेटायला येऊ नकोस, मी बोलावेपर्यंत. आणि तू शिवलेलं मी काही घालणार नाही."

दुसऱ्या दिवशी मालकांनी तिला दवाखान्यात नेऊन सोडलं. मी आमच्या दारापर्यंत गेले. तिने मालकांच्या बायकोचा एक जुना, फुलाफुलांचा, दुप्पट ढगळ झगा घातला होता. आमच्या घरातून ती पहिल्यांदाच दुसऱ्याच्या हातचं घालून बाहेर पडली.

त्यानंतरचे सोळा दिवस मी काय केलं ते विचारलंत तर काम केलं. शाळा सुरू होणार होत्या, गणवेशांचा ढीग होता. संध्याकाळी एक ताट घ्यायची, आणि सवयीने सावकाश चावायची. ऐकायला कुणी नव्हतं तरी. आत्याचा फोन आला, "कुठे हवापालटाला पाठवलीस का तिला?" मी म्हणाले, "आजारी आहे, दवाखान्यात आहे, आणि बरी होऊन आल्यावर तिच्या गालांबद्दल, अंगाबद्दल, कशाबद्दलही बोलायचं नाही." आत्या दोन मिनिटं गप्प झाली, जे सहसा घडत नाही. रोज चार वाजता वॉर्डमध्ये फोन करायची परवानगी होती. मी रोज करायची. नर्सबाई सांगायच्या, "थोडं खातात. आज रडल्या. आज रागावल्या. आज आरशाचा धडा झाला, दमल्यात." फोनवर गोटी येत नव्हती.

सतराव्या दिवशी नर्सबाईंनीच फोन केला. दोन ढगळ पायजमे हवे होते, मऊ, कमरेला इलॅस्टिक असलेले. "विकतचेच हवेत असं त्यांनी मुद्दाम सांगायला सांगितलंय. आणि मापाची चिठ्ठी कापून आणा. इथे ती आकड्यांची कटकट नको."

बावन्न वर्षांच्या आयुष्यात मी पहिल्यांदा तयार कपड्यांच्या दुकानात बहिणीसाठी कपडे घ्यायला उभी राहिले. शिवण बघायचा मोह आवरत नव्हता. उलटे करून बघितले, दोरे लोंबत होते, टीप वाकडी होती. काउंटरवरच्या पोरीने विचारलं, "माप काय?" तिने माझ्यासमोर दोन ठेवले, एक लहान, एक मोठा. गोटीच्या आजच्या कमरेला लहानसुद्धा सैल होणार होता, हे मला टेप न लावता कळत होतं. पर्समध्ये माझी छोटी कात्री असतेच. मोठा घ्यावा, चिठ्ठी कापावी, इलॅस्टिक घरी जाऊन जरासं आवळावं, म्हणजे आज नीट बसेल आणि तिला काही वाटणार नाही. हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात तयार झालं. कात्री हातात आलीसुद्धा होती.

मी ती परत ठेवली आणि दुकानाच्या पायरीवर येऊन वॉर्डला फोन लावला. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. नर्सबाईंना म्हणाले, तिला विचारा, दोन मिनिटं बोलेल का, कपड्यांचं विचारायचंय. बराच वेळ कुणी आलं नाही. मग तिकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि कुणीतरी श्वास घेतला.

"गोटी," मी म्हणाले, "चिठ्ठी मी कापणार आहे, त्यांनी सांगितलंय म्हणून. पण तुला सांगून कापतेय. इथे लहान आणि मोठा असे दोन आहेत. आज तुला लहानसुद्धा सैल होईल. तरी मला मोठा आणावासा वाटतोय. तो आधी खूप ढगळ होईल, आणि मग हळूहळू होणार नाही. कुठला आणू?"

तिच्या मागे कुणीतरी ट्रॉली ढकलत नेत होतं.

"मोठा आण," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण तिचाच होता. "आणि ताई, तू त्याला हात लावू नकोस."

"नाही लावत," मी म्हणाले, आणि आत जाऊन त्या पोरीला मोठ्या मापाचे दोन बांधायला सांगितले.